परसातल्या कुंडाच्या पाण्यावरचे बारीक किडे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरामागे आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि दोन फूट खोल असे सिमेंटचे कुंड आहे. त्यात कुमुदिनीची दोन रोपे, थोडे गोंडाळ (पाण्यावर तरंगणारी वनस्पती) आणि काही गप्पी मासे आहेत. ऑगस्टपासून एका कोपऱ्यात, पाण्यावर कोणी राख भुरभुरावी तसा करडा-काळा थर जमतो आणि बोट लावले की त्यातील कण उड्या मारतात. कुमुदिनीच्या पानांवरही गडद रंगाचे बारीक किडे चिकटलेले दिसतात. शेजाऱ्यांनी रॉकेल ओतायला सांगितले आहे, रोपवाटिकेतून फवारणीचे औषध सुचवले गेले आहे, आणि घरात लहान मुले असल्यामुळे डेंग्यूची काळजी आपल्याला स्वस्थ बसू देत नाही.

सर्वांत आधी एवढे करावे की रॉकेल, फिनेल, साबणाचे पाणी किंवा कोणतेही कीटकनाशक यांपैकी काहीही आज कुंडात घालू नये. आपल्या वर्णनात निदान दोन वेगळे जीव आहेत. उड्या मारणारे कण पूर्णपणे निरुपद्रवी आहेत. पानांवर चिकटलेले किडे म्हणजे मावा आहे. तो रोपाला त्रास देतो, माणसाला देत नाही. डासांचा प्रश्न तिसरा आणि या दोहोंपासून निराळा आहे, आणि त्या बाबतीत मला पाण्यावर दिसणाऱ्या कणांपेक्षा आपल्या गोंडाळाच्या मुळांचा अधिक संशय आहे. तिन्हींसाठी एकच औषध शोधण्याच्या प्रयत्नातच बहुतेक कुंडे बिघडतात, म्हणून प्रत्येकाविषयी स्वतंत्रपणे लिहितो.

ओळख पटवण्यासाठी एक पांढरा वाडगा आणि दहा पट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरेसे आहे. सकाळी वारा नसताना कुंडाजवळ जावे, मात्र आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूने जावे, कारण डासांच्या अळ्या सावली पडताच तळाकडे जातात आणि मग पाहणाऱ्याला पाणी स्वच्छ आहे असे वाटते. वाडगा तिरपा धरून काठालगतचे पाणी एका झटक्यात भरून घ्यावे, दोन मिनिटे स्थिर ठेवावे आणि मग त्यातील प्रत्येक जीव काय करतो ते पाहावे. रंग आणि आकार यांवरून फसगत होऊ शकते. हालचालीवरून सहसा होत नाही. गवताची काडी लावताच जो पाण्यावरून हवेत उडतो आणि पुन्हा पाण्यावरच पडतो, तो स्प्रिंगटेल. जो हळू चालतो, उडी मारत नाही आणि ज्याच्या पाठीच्या मागच्या भागावर दोन बारीक नळ्या दिसतात, तो मावा. जो पृष्ठभागाखाली राहून वळवळत खाली-वर करतो, ती डासाची अळी. जो पाण्यावरून सरळ धावतो, तो शिकारी कीटक असून आपल्या बाजूचा आहे. जो हलतच नाही, तो बहुधा कीटकाने टाकलेली कात, परागकण किंवा धूळ असतो.

स्प्रिंगटेलची लांबी साधारण एक ते तीन मिलिमीटर असते. त्याच्या पोटाखाली, मागच्या बाजूला, दुभंगलेला एक अवयव पुढे वळवून अडकवून ठेवलेला असतो. धोका जाणवताच ही पकड सुटते, तो अवयव पाण्यावर आपटतो आणि प्राणी आपल्या लांबीच्या अनेक पट अंतरावर फेकला जातो. त्याच्या अंगावरचे आवरण पाण्याने भिजत नाही, म्हणून तो बुडत नाही. पोटाखालची एक लहान नळी मात्र पाण्याला चिकटते आणि तिच्या आधाराने तो पृष्ठभागावर टिकून राहतो. पूर्वी यांची गणना कीटकांत होत असे, पण यांचे मुखावयव डोक्याच्या आत दडलेले असल्यामुळे आता त्यांना कीटकांच्या जवळचा पण वेगळा गट मानतात. हा गट फार प्राचीन आहे. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथील खडकांत सापडलेला त्यांचा जीवाश्म सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्यांचे अन्न म्हणजे कुजणारी पाने, बुरशी, शेवाळ आणि पाण्यावर पडलेले परागकण. ते चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, जिवंत रोप कुरतडत नाहीत आणि मुलांनी त्या पाण्यात हात घातला तरी काही अपाय होत नाही.

मग ते इतक्या संख्येने आपल्याच कुंडात का आले, हा प्रश्न योग्य आहे. पावसाळ्यात माती आणि पालापाचोळा सतत ओला राहतो, तेथे त्यांची झपाट्याने वाढ होते आणि जोराच्या सरीबरोबर ते वाहत पाण्यावर येतात. वाऱ्याने पृष्ठभागावरचे सगळे हलके कण ज्या दिशेला ढकलले जातात त्याच कोपऱ्यात तेही गोळा होतात, म्हणून थर नेहमी एकाच बाजूला दिसतो. कुंडाच्या काठाला लागून पालापाचोळ्याचे आच्छादन किंवा कंपोस्टचा ढीग असेल, किंवा काठावरच्या झाडाची पाने पाण्यात पडून तशीच राहत असतील, तर त्यांना अन्नही मिळते आणि ते टिकून राहतात. तेव्हा स्प्रिंगटेलची गर्दी हा आजार नसून पाण्यावर आणि काठावर कुजणारे सेंद्रिय पदार्थ जास्त झाल्याची खूण आहे, आणि ती खूण उपयोगाची आहे, कारण हेच पदार्थ पुढे शेवाळ, दुर्गंधी आणि प्राणवायूची टंचाई घडवून आणतात.

हा थर नकोसा वाटत असेल तर तो काढणे सोपे आहे. पाण्याच्या पृष्ठभागाएवढा वर्तमानपत्राचा साधा, रंगीत छपाई नसलेला कागद अलगद पसरावा आणि एका कडेने हळूहळू ओढून घ्यावा. धूळ, तेलकट साय आणि बरेचसे स्प्रिंगटेल कागदाला चिकटून येतात. याहून चांगली रीत म्हणजे कुंड ओसंडू देणे. ज्या कोपऱ्यात थर जमतो त्याच्या समोरच्या बाजूने नळी पाण्याखाली धरून पाणी सोडावे आणि थराच्या बाजूने ते काठावरून झाडांच्या वाफ्यात वाहू द्यावे. काही मिनिटांत सगळा पृष्ठभाग धुऊन निघतो आणि ते पाणी बागेलाही लागते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर एका वेळी कुंडातील पाण्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नवे पाणी सोडू नये. आपल्या कुंडात काठोकाठ सुमारे २,२६० लिटर पाणी मावते, म्हणजे ही मर्यादा सव्वादोनशे लिटरच्या आसपास येते. पावसाळ्यात तर आभाळातून येणारे पाणीच हे काम करते, फक्त काठाला ओसंडण्यासाठी एक ठरावीक खाच ठेवावी आणि तिच्यावर बारीक जाळी बसवावी, म्हणजे मासे वाहून जाणार नाहीत. काठापासून हात-दोन हात अंतरावरचे आच्छादन दूर सारावे. एवढ्याने थर पूर्ण नाहीसा होईल असे मी म्हणत नाही, आणि तो पूर्ण नाहीसा व्हावा असे मला वाटतही नाही. लहान मासे, बेडूक आणि पाण्यावरचे शिकारी कीटक यांचे ते रोजचे अन्न आहे.

आता पानांवरच्या माव्याविषयी. कुमुदिनीवर येणारा हा मावा जगभर आढळतो. रंग लालसर तपकिरी ते गडद हिरवट काळा आणि लांबी सुमारे दोन मिलिमीटर. थंड देशांत तो हिवाळ्यात आलुबुखार किंवा पीच यांसारख्या झाडांवर जाऊन अंडी घालतो, पण आपल्या हवेत त्याला तसे करावे लागत नाही आणि तो वर्षभर कुमुदिनी, कमळ, गोंडाळ, अ‍ॅझोला, शिंगाडा अशा पाणवनस्पतींवरच राहतो. मादी नराशिवाय थेट पिलांना जन्म देते आणि अनुकूल हवेत पिलू आठ-दहा दिवसांत स्वतः पिले देऊ लागते, त्यामुळे दोन आठवड्यांपूर्वी मोजके दिसलेले किडे अचानक पान काळे करून टाकतात. विशेष म्हणजे हा मावा पाण्यात पडला तरी बुडत नाही. पाण्यावरून चालत तो दुसऱ्या पानावर जातो. म्हणूनच नुसता पाण्याचा फवारा मारून पाने धुतली की एका दिवसात किडे पुन्हा पानांवर हजर होतात आणि उपायच चुकीचा होता असे वाटू लागते. उपाय बरोबर असतो, पण अर्धवट केलेला असतो.

पूर्ण उपाय असा. जी पाने पिवळी पडली आहेत, वळली आहेत किंवा चिकट स्रावावर वाढलेल्या काळ्या बुरशीने माखली आहेत, ती देठाच्या मुळापासून कापून कुंडाबाहेर न्यावीत. उरलेल्या पानांवर प्लास्टिकच्या जाळीचा किंवा गंज न चढणाऱ्या तारेच्या जाळीचा तुकडा ठेवून, वर स्वच्छ दगड ठेवून, पाने पाण्याखाली एक-दोन वीत दाबून ठेवावीत. किडे सुटून पाण्यावर येतात आणि गप्पी त्यांतील बरेच खाऊन टाकतात. जे उरतात ते बारीक जाळीने किंवा वर सांगितलेल्या ओसंडण्याच्या रीतीने लगेच काढावेत. हे लगेच करणे महत्त्वाचे आहे. पाने दिवसभर पाण्याखाली राहिली तरी रोपाला फारसे बिघडत नाही, मात्र दुसऱ्या दिवशी जाळी काढून टाकावी. पाच-सहा दिवसांच्या अंतराने हे आणखी दोन वेळा केले की मावा आटोक्यात येतो. पानांवर लेडीबर्ड भुंगेरे किंवा त्यांच्या काळसर, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या दिसल्या तर त्या पानांना हात लावू नये, कारण त्या एकामागून एक मावा खात असतात आणि त्यांचे काम आपल्या कामापेक्षा नीटस असते. थंडीच्या दिवसांत, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, माव्याचा जोर पुन्हा वाढतो. तेव्हा आठवड्यातून एकदा पानांची खालची-वरची बाजू पाहण्याची सवय ठेवावी.

रोपवाटिकेने सुचवलेल्या फवारणीविषयी मी ठाम विरोध नोंदवतो. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या गटातील औषधे माशांना अत्यंत अल्प प्रमाणातही मारक असतात. इमिडाक्लोप्रिडने मासे लगेच मरत नाहीत म्हणून ते सुरक्षित समजले जाते, पण पाण्यात वाढणाऱ्या कीटकांच्या पिलांना ते फार घातक आहे, आणि त्यांतच डासांच्या अळ्या खाणारी चतुरांची व टाचण्यांची (चतुरांसारख्याच पण सडपातळ कीटकांची) पिले येतात. निंबोळी तेल जमिनीवरच्या झाडांवर मीही वापरतो. कुंडातल्या पानांवर मात्र वापरत नाही, कारण ते पाण्यात मिसळण्यासाठी त्यात साबण घालावा लागतो आणि साबण माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. शिवाय साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो. पाण्यावर चालणारा प्रत्येक जीव या ताणाच्या आधाराने उभा असतो. तो कमी झाला की उपयोगी शिकारी कीटकही बुडून मरतात. परसातल्या गुलाबावर किंवा भाजीवर फवारणी करायची असेल तर वाऱ्याची दिशा पाहावी आणि कुंडावर कापड अंथरावे.

रॉकेलची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण त्या सल्ल्यामागे जुना अनुभव आहे. पाण्यावर तेलाचा पातळ थर पसरला की डासांच्या अळ्यांना आणि कोषांना श्वास घेता येत नाही, हे खरे आहे, आणि गटारांत व साचलेल्या घाण पाण्यात नगरपालिका या तत्त्वावरचे तेल वापरत आल्या आहेत. पण गटारात वाचवण्यासारखे काही नसते. कुंडात सगळेच वाचवायचे असते. उलटे पोहणारे शिकारी किडे आणि पाणभुंगेरेही पृष्ठभागावर येऊनच हवा घेतात, म्हणून ते अळ्यांबरोबरच मरतात. तेलाच्या थरामुळे हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळण्यास अडथळा होतो. ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मुळातच प्रतिलिटर साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, २० अंशांच्या पाण्यात तो नऊ मिलिग्रॅम मावतो. म्हणजे आपल्याकडच्या उष्ण हवेत माशांच्या हाताशी शिल्लक आधीच कमी असते. त्यात रॉकेल उडून जाते आणि काही दिवसांत डास पुन्हा अंडी घालतात, पण त्यांना खाणारे मात्र तितक्या लवकर परतत नाहीत. पुढच्या महिन्यात त्या कुंडात पूर्वीपेक्षा जास्त डास होतात.

डेंग्यूच्या भीतीविषयी स्पष्टपणे सांगतो. डेंग्यू पसरवणारी एडिस जातीची मादी आपली अंडी एकेक करून, पाण्याच्या पातळीच्या थोडे वर, भांड्याच्या ओलसर भिंतीवर घालते, आणि तिला कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर, उघडी पिंपे, फेकलेले टायर, करवंट्या, पत्र्यावरचे डबे असे लहान साठे पसंत असतात. ही अंडी कोरडी पडूनही काही महिने जिवंत राहतात, म्हणून ताटली नुसती उपडी करणे पुरत नाही, ती घासावी लागते. मासे असलेल्या दोन हजार लिटरच्या कुंडात एडिसची पैदास क्वचितच टिकते. आठवड्यातला कोरडा दिवस पाळताना कुंडाकडे पाहण्याआधी कुंडाभोवतीच्या पंधरा-वीस पावलांतल्या या लहान वस्तू पाहाव्यात. डेंग्यूचा धोका बहुधा तेथे असतो.

कुंडात होऊ शकणारे डास दुसरे. क्युलेक्स डासाची मादी शे-दोनशे अंडी उभी चिकटवून त्यांचा तीन-चार मिलिमीटर लांबीचा तपकिरी तराफा पाण्यावर सोडते. तो काजळीच्या कणासारखा दिसतो आणि स्प्रिंगटेलच्या थरात सहज लपून जातो. म्हणून वाडग्यातले पाणी पाहताना न हलणारे लांबट कणही भिंगातून पाहावेत. तराफा दिसला तर जाळीने उचलून कोरड्या मातीत टाकला की काम झाले. क्युलेक्सच्या अळ्या श्वासनळी पृष्ठभागाला टेकवून डोके खाली करून तिरप्या लोंबकळतात, तर हिवताप पसरवणाऱ्या अ‍ॅनॉफिलीसच्या अळ्या पृष्ठभागाला समांतर पडून राहतात. अंड्यापासून उडणारा डास होण्यास पावसाळ्यातील उबेत आठ ते दहा दिवस पुरतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा केलेली पाहणी पुरेशी ठरते आणि पंधरवड्यातून एकदा केलेली पुरत नाही.

गोंडाळाकडे मी विशेष लक्ष वेधतो ते मॅन्सोनिया डासांमुळे. या डासाची मादी गोंडाळासारख्या तरंगत्या वनस्पतींच्या पानांच्या खालच्या बाजूला अंडी घालते, आणि तिच्या अळ्या श्वासासाठी वर येतच नाहीत. टोकदार श्वासनळी गोंडाळाच्या किंवा जलपर्णीच्या मुळात खुपसून त्या तेथील हवा घेतात. म्हणून वाडग्यातल्या पाण्यात त्या दिसत नाहीत, तेलाचा थर त्यांचे काही बिघडवत नाही, आणि दाट मुळांच्या जाळ्यात मासेही त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. केरळातील चेर्तला भागात हत्तीरोगाचा एक प्रकार याच डासांमुळे पसरत असे, आणि १९८०च्या दशकात पुदुच्चेरीच्या वेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरने तेथील तळ्यांमधून तरंगती वनस्पती काढून त्यांत मत्स्यपालन सुरू करण्याचे काम लोकांच्या सहभागाने केले. आपल्या परसात हत्तीरोगाची भीती बाळगण्याचे कारण नाही, पण संध्याकाळी कुंडाजवळ बसले की डास चावतात आणि पाण्यात अळ्या मात्र सापडत नाहीत, अशी स्थिती असेल तर गोंडाळाचे एक रोप अलगद उचलून पाण्याने भरलेल्या पांढऱ्या बादलीत जोरात झटकावे आणि काही वेळाने तळाशी पाहावे. अळ्या सापडल्या तर सगळे गोंडाळ काढून, पाण्यापासून दूर, उन्हात वाळवून खतात घालावे. न सापडल्या तरी मी गोंडाळ कुंडाच्या पृष्ठभागाच्या चौथ्या भागापलीकडे वाढू देणार नाही, कारण माव्यालाही ते तितकेच प्रिय आहे आणि मासे काठापासून काठापर्यंत मोकळे फिरू शकले तरच त्यांचा उपयोग होतो.

माशांच्या बाबतीत आपली निवड ठीक आहे. गप्पी लहान असतात, पृष्ठभागाजवळ फिरतात, थेट पिले देतात आणि आपल्या कुंडाएवढ्या पाण्यात वीस-पंचवीस सोडले की पुढे संख्या आपोआप जुळते. त्यांना बाहेरचे खाद्य फार घालू नये. पोट भरलेला मासा अळ्यांमागे धावत नाही आणि उरलेले खाद्य कुजून पुन्हा स्प्रिंगटेलचाच थर वाढवते. गंबुसिया हा दुसरा मासा भारतात १९२८ साली डास नियंत्रणासाठी आणला गेला. तो अळ्या खातो, पण इतर माशांची पिले आणि बेडकांची अंडीही खातो, आणि जगातील सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. तो मी कुणालाही सुचवत नाही. गप्पीसुद्धा परदेशी आहे, म्हणून कुंड ओसंडून ते ओढ्यात किंवा विहिरीत जाणार नाहीत याची जबाबदारी आपली आहे. देशी पर्याय हवा असेल तर डोक्यावर चमकता ठिपका असलेला, वर वळलेल्या तोंडाचा, कोकणातील पाणथळ जागांत सापडणारा अ‍ॅप्लोचिलस हा उत्तम आहे. तो पृष्ठभागावरचेच अन्न टिपतो. कुंडात बेडकांनी अंडी घालावीत अशी इच्छा असेल तर मात्र कोणताच मासा नको, आणि मग पुढचा उपाय उपयोगी पडतो.

तो उपाय म्हणजे बीटीआय या नावाने ओळखला जाणारा जिवाणू. इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात १९७६ साली तो सापडला. त्याचे स्फटिक अळीच्या पोटात गेले की तेथील अल्कधर्मी रसात विरघळून विष तयार होते आणि अळी एक-दोन दिवसांत मरते. मासे, बेडूक, चतुरांची पिले, स्प्रिंगटेल आणि माणसे यांना त्याचा अपाय होत नाही. पण त्याच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. कोष काही खात नाही, त्यामुळे स्वल्पविरामाच्या आकाराचे कोष दिसू लागल्यावर तो वापरून त्या पिढीला रोखता येत नाही; ते जाळीनेच काढावे लागतात. कडक उन्हात आणि गढूळ पाण्यात त्याचा असर लवकर ओसरतो, म्हणून तो संध्याकाळी घालावा. पाकिटावर लिहिलेले प्रमाण आपल्या कुंडासाठी काढावे आणि अळ्या दिसत असतील तोवर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावा. अळ्या नसताना केवळ खबरदारी म्हणून वर्षभर घालत राहण्याचे कारण नाही.

पाण्यावर आणखी काही पाहुणे दिसतील. दोन-तीन मिलिमीटर लांबीचे, काठालगत झुंडीने धावणारे गडद किडे बहुधा मायक्रोव्हेलिया असतात. भातखाचरात पाण्यात पडलेली तपकिरी तुडतुड्यांची पिले फस्त करणारे म्हणून भात संशोधक त्यांना चांगले ओळखतात, आणि कुंडात ते पडलेला मावा व वर आलेल्या अळ्या यांच्यावर जगतात. लांब पायांच्या पाणनिवळ्या याच कुळाजवळच्या. त्यांच्या पायांवरील अतिसूक्ष्म केस हवा धरून ठेवतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार त्यांचा एकच पाय संपूर्ण शरीराच्या सुमारे १५ पट वजन पाण्यावर तोलू शकतो. गोल गोल फिरणारे काळे चकचकीत भुंगेरे दिसले तर कुंडाची तब्येत चांगली आहे असे समजावे. त्यांच्या डोळ्यांचे दोन भाग असतात, एकाने पाण्यावरचे आणि दुसऱ्याने पाण्याखालचे दिसते. सकाळी पाण्यावर पांढुरक्या, पोकळ, कोंड्यासारख्या काती तरंगत असतील तर त्या न चावणाऱ्या चिलटांच्या असतात. त्यांच्या लाल अळ्या तळच्या गाळात राहतात आणि मासे त्या आवडीने खातात. पहिल्या पावसानंतर रात्री दिव्याखाली उडणाऱ्या वाळवीच्या पाखरांचे पंख व मृत शरीरे कुंडात भरपूर पडतात. ती मात्र दुसऱ्याच सकाळी काढावीत, नाहीतर ती कुजून पाणी बिघडते. कुंडावरचा दिवा त्या आठवड्यात बंदच ठेवावा.

पाणी हलते ठेवण्याविषयी शेवटचे सांगतो, कारण बरेच जण कारंजे बसवून मोकळे होतात. हलत्या पृष्ठभागावर डासांची मादी सहसा अंडी घालत नाही आणि स्प्रिंगटेलचा थरही जमत नाही, हे बरोबर आहे. पण कुमुदिनीला पानांवर सतत तुषार पडलेले सोसत नाहीत. तेव्हा उंच उडणारे कारंजे न बसवता लहान पंप थर जमणाऱ्या कोपऱ्याजवळ, पाण्याच्या पातळीखाली दोन बोटे, असा बसवावा की पाणी काठालगत नुसते सरकत राहील. त्याच्या तोंडाला स्पंज लावावा, म्हणजे माशांची पिले ओढली जाणार नाहीत, आणि तो स्पंज कुंडातल्याच काढून घेतलेल्या पाण्यात धुवावा. महापालिकेचे किंवा ग्रामपंचायतीचे आरोग्य कर्मचारी तपासणीला आले तर त्यांना वाडगा घेऊन कुंड दाखवावे, मासे दाखवावेत, गोंडाळ झटकून दाखवावे. अळ्या नसतील तर टेमेफॉससारखे अळीनाशक औषध या कुंडात घालू नये अशी विनंती करावी, कारण ते अळ्यांसोबत इतर जलचरांनाही मारते. आणि अळ्या सापडल्या तर त्यांच्यासमोरच त्या काढाव्यात व बीटीआय घालावे.